म्हशीचे मागचे पाय

माणसाने आयुष्यात एकदा तरी म्हैस व्हावे, असे कोणा संताने सांगितल्याचे ऐकिवात नाही. जळगावचे लीलाधरभाऊ नेहेते मात्र एकदा झाले होते. पूर्ण नव्हे, अर्धी. आणि त्या अर्ध्यातही मागची अर्धी. असली गोष्ट शहाणा माणूस पोटात ठेवतो, आणि लीलाधरभाऊंनीही ती पाव शतक नीट ठेवली होती. पण थंडीचे दिवस, शेतातले भरीत आणि मेघाची प्रश्नमंजूषा या तीन गोष्टी एका दुपारी एकत्र आल्या आणि पोटातली म्हैस बाहेर पडली.

जळगावात थंडी पडली की कोणाला स्वेटर आठवत नाही, वांगी आठवतात. शिवदर्शन कॉलनीची भरीत पार्टी दरवर्षी भाईदासनानांच्या शेतात होते. बामणोदची हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि हे सगळे करताना प्रत्येक पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला, तुझे चुकते आहे, असे सांगायचे, अशी ती पद्धत. जेवण झाल्यावर भेंड्या खेळायच्या. यंदा नानांची नवी सून मेघा म्हणाली, भेंड्या पुरे, आपण प्रश्नमंजूषा घेऊ. विषय, नव्वदच्या दशकातले अतरंगी म्युझिक व्हिडिओ. तिने कुठल्याशा संकेतस्थळावरून प्रश्न काढून आणले होते.

कॉलनीला वाटले, आता सगळे एकमेकांची तोंडे पाहणार. तर झाले भलतेच. कोणत्या व्हिडिओत गायक अख्खे गाणे पाण्याच्या टाकीत बसून म्हणतो? लीलाधरभाऊंनी सांगितले. कोणत्या बँडचा ढोलवाला तेलाच्या डब्यावर ताल धरतो? तेही सांगितले. कोणत्या गाण्यात वरात उलटी चालते आणि नवरदेव शेवटच्या कडव्यात सायकलवरून पळून जातो? त्यांनी गाण्याचे नाव तर सांगितलेच, पण सायकलला घंटी नव्हती हेही सांगितले. महाविद्यालयाच्या कचेरीत आयुष्यभर बोनाफाइड दाखले देणारा हा सज्जन माणूस हे सगळे कुठे शिकला, ते कोणाला कळेना. त्याचे कारण साधे होते. आपला व्हिडिओ कधी लागेल याची वाट पाहत लीलाधरभाऊ तरुणपणी टीव्हीपुढे बसून राहिले होते, आणि आपला लागेपर्यंत बाकीच्यांचे सगळे पाहून झाले होते.

मग मेघाने शेवटचा प्रश्न विचारला. "'उलटा पंखा' या बँडच्या व्हिडिओत केळीच्या बागेत एक म्हैस नाचते आणि शेवटी एकदम खाली बसते. ती खरी म्हैस नव्हती. तर तिच्या आत कोण होतं?"

लीलाधरभाऊंच्या हातातली पुरी हातातच राहिली.

"कोणालाच नाही येत? उत्तर आहे, धुळ्याचे कुंदन देवरे. आज ते तिथे मोठ्या लॉन्सचे मालक आहेत."

"अर्धं उत्तर आहे," लीलाधरभाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हशीला चार पाय असतात, पोरी. कुंदनला दोनच आहेत."

"मग मागच्या दोन पायांत कोण होतं काका?"

लीलाधरभाऊंनी पुरी ताटात ठेवली, हात पुसले, आणि लग्नात पुण्याहवाचनाला बसताना करतात तसा चेहरा करून म्हणाले, "मी."

त्यानंतर शेतात जे हसू उसळले, त्याने शेजारच्या बांधावरचे बगळे उडाले. भाईदासनानांना ठसका लागला. कोणीतरी "शेपूट कुठे आहे, भो?" असेही विचारले. लीलाधरभाऊंची पत्नी दीपमालाताई तेवढ्या ताठ मानेने पुढे बघत राहिल्या. त्यांना हे पहिल्या रात्रीपासून ठाऊक होते. माहेरी साक्रीला त्यांनी "हे टीव्हीवर म्हशीत होते" इतकेच सांगितले होते. कोणता भाग, ते कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

खरे म्हणजे गोष्ट एवढीशी होती. लीलाधर आणि कुंदन धुळ्याला शिकायला एकाच वसतिगृहात होते. स्नेहसंमेलनात दोघांनी पोती आणि घोंगडीची म्हैस करून नाच केला. मुंबईहून आलेली बँडची मंडळी त्या रात्री हायवेवर मुक्कामाला होती, कर्ण्याचा आवाज ऐकून ती आत शिरली, म्हैस पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घालून मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागेत घेऊन गेली. कुंदन उंच, म्हणून पुढे. लीलाधर बुटका, म्हणून मागे, वाकलेला, दोन्ही हात पुढच्याच्या कंबरेवर. दिवसभर त्याला जमीन, केळीची साले आणि कुंदनच्या टाचा याशिवाय काही दिसले नाही. पुढे उभे राहायला मिळाले असते तर निदान उजेड तरी दिसला असता, हे शल्य त्याला तेव्हापासून होते.

पण खरी बोच वेगळी होती. लीलाधरभाऊंचे नाव आयुष्यात कुठे आलेच नव्हते. संमेलनाच्या बातमीत "कुंदन देवरे आणि इतर". लग्नपत्रिकांवर "आणि समस्त नेहेते परिवार". कचेरीत सत्काराच्या वेळी "प्राचार्य, प्राध्यापक आणि कर्मचारीवृंद". माणूस आयुष्यभर वृंदात राहिला की त्याला कधीतरी वाटतेच, एकदा, कुठल्यातरी एका ओळीत, आपले नाव यावे. आणि जगात अशी एकच ओळ होती जिच्यावर त्यांचा हक्क होता, ती म्हशीची. तीही आता कुंदनच्या एकट्याच्या नावावर चढली होती.

"मेघा," ते घरी जाताना म्हणाले, "ते संकेतस्थळ चूक दुरुस्त करतं का गं?"

मेघाने त्याच संध्याकाळी दुरुस्तीचा मेल पाठवला. ते संकेतस्थळ चालवणाऱ्या हेमांगी नावाच्या बाईंचे उत्तर सभ्य होते. "आपला दावा रंजक आहे. परंतु व्हिडिओत चेहरा दिसत नसल्याने पुरावा द्यावा."

"म्हशीच्या मागच्या बाजूला चेहरा असतो का?" लीलाधरभाऊ कडाडले. दीपमालाताई म्हणाल्या, "बाईंचं काय चुकलं? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मी मागचे पाय."

तेव्हा त्यांना कल्पना नव्हती की अगदी हेच होणार आहे.

मेघाला एक युक्ती सुचली. चेहरा नसला तरी चाल आहे. भाऊंनी त्याच चालीने चालून दाखवायचे, तिने फोनवर टिपायचे आणि मूळ व्हिडिओशी जुळवायला हेमांगीबाईंकडे पाठवायचे. त्याप्रमाणे रविवारी सकाळी लीलाधरभाऊ अंगणात कंबरेत वाकून, प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ धरून, पाय झाडत तालात चालले. दीपमालाताईंना शेपूट म्हणून पंचा हलवायला सांगितले होते, त्यांनी तो धुवायला टाकला. व्हिडिओ फर्मास झाला. मेघाने तो पाठवला आणि दोन मिनिटांत "अय्या" म्हणून तोंडावर हात ठेवला. तो हेमांगीबाईंकडे न जाता 'शिवदर्शन परिवार' या कॉलनीच्या ग्रुपवर गेला होता.

खाली काहीही लिहिलेले नव्हते. त्यामुळे कॉलनीने आपला अर्थ लावला. दुपारपर्यंत लीलाधरभाऊंची पाठ धरल्याची बातमी तीन गल्ल्यांत गेली. एकाने निर्गुडीचे तेल आणले. एकीने गरम विटेचा शेक सांगितला. एक निवृत्त कंपाउंडर न विचारता घरात शिरले, भाऊंना पालथे झोपवून त्यांनी त्यांच्या कमरेवर गुडघा दिला, आणि तोवर धडधाकट असलेली पाठ त्या क्षणी खरोखरच धरली. "बघा, कुठे दुखत होतं ते आता सापडलं," असे ते समाधानाने म्हणाले.

तेल चोळून पडलेल्या लीलाधरभाऊंना बघायला भाईदासनाना आले. नाना पूर्वी एका वकिलांकडे कारकून होते. वकील केव्हाच वारले, पण नानांची वकिली अजून चालू होती.

"भो लीलाधर, हे नाच-बीच पोरखेळ झाले. जगात दोनच गोष्टी खऱ्या. एक मरण आणि दुसरं प्रतिज्ञापत्र. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दे, मी म्हैस होतो. बघू कोण नाही म्हणतं."

पाठीला पट्टा बांधून लीलाधरभाऊ नानांच्या मागे तहसील कचेरीच्या आवारात गेले. तिथे लिंबाखाली टंकलेखक ओळीने बसतात. त्यातल्या नानांच्या ओळखीच्या टंकलेखकाने मजकूर ऐकला आणि शांतपणे विचारले, "वारसाचं आहे, उत्पन्नाचं आहे, की जन्मतारखेचं?"

"म्हशीचं," नाना म्हणाले.

"म्हैस मेली का चोरीला गेली?"

"हे स्वतः म्हैस होते. मागचा हिस्सा."

टंकलेखकाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. त्या लिंबाखाली त्याने याहून विचित्र गोष्टी प्रतिज्ञेवर लिहिलेल्या असणार. तो म्हणाला, हिश्शाचा विषय आला म्हणजे वाटणीपत्राचा नमुना लागेल. आणि त्याने खडाखडा बडवून जो कागद काढला, तो लीलाधरभाऊंनी वाचला तेव्हा त्यांना क्षणभर घेरी आली. "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सन १९९७ मध्ये एक म्हैस, रंग काळा, हिचा मागील निमा हिस्सा माझ्या प्रत्यक्ष वहिवाटीत होता. सदर हिश्शाच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. पुढील बाजूस कुंदन देवरे. मागील बाजूस शेपूट. डावीकडे व उजवीकडे केळीची बाग."

"एक नंबर झालं," नाना म्हणाले. "अशी पक्की म्हैस मी आयुष्यात पाहिली नाही."

नोटरीसाहेबांनी मात्र चष्मा वर करून कागद दोनदा वाचला आणि शिक्का परत पेटीत ठेवला. "निमा हिस्सा तुमचा. उरलेल्या निम्म्याच्या हिस्सेदाराची संमती कुठे आहे? ती आणा, मग बघू."

झाले. म्हणजे धुळ्याला जाणे आले. त्यातच मेघाने बातमी आणली की हेमांगीबाई कॅमेरा घेऊन येत्या शनिवारी कुंदनशेठच्या मुलाखतीला धुळ्याला येत आहेत. मुलाखत एकदा झाली आणि जगभर गेली की ओळ कायमची कुंदनची. लीलाधरभाऊ रात्री जेवले नाहीत. दीपमालाताईंनी वाढलेले ताट झाकून ठेवले आणि म्हणाल्या, "मी पण येते. इतकी वर्षं माहेरी अर्धंच सांगितलंय. एकदाचं पूर्ण होऊ दे."

शनिवारी एसटीने एरंडोल, पारोळा करत लीलाधरभाऊ, दीपमालाताई आणि भाईदासनाना असे तिघे धुळ्याला पोहोचले. नानांना कोणी बोलावले नव्हते, पण प्रकरण आपल्या हातात आहे अशी त्यांची समजूत होती. रिक्षावाल्याला "कुंदन लॉन्स" म्हणताच तो म्हणाला, "म्हैसवालं ना? बठा." गावात लॉन्सची ओळखच म्हैस होती.

आत शिरताच समोर काचेचे मोठे कपाट होते. आत दिवा, दिव्याखाली म्हशीचे अर्धे अंग. शिंगांना नवा रंग, गळ्यात झेंडूची माळ, आणि खाली पितळी पाटी, "मूळ कलाकार, कुंदनशेठ देवरे." म्हैस पोटापाशी संपत होती. तिथून पुढे भिंत.

"मागचं कुठंय?" लीलाधरभाऊंनी तिथल्या रखवालदाराला विचारले.

रखवालदाराने विचार करून मांडवामागे बोट दाखवले. मांडवामागे डिझेलचा जनरेटर होता आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर एक जुनी काळी घोंगडी टाकली होती. तिला दोन पाय होते. शेपूट केव्हाच गळून गेले होते आणि पाठीवर तेलाचे डाग होते. पण आतल्या बाजूला, वाकलेल्या माणसाच्या डोक्याला लागू नये म्हणून लीलाधरने स्वतः शिवलेला जुन्या उशीचा तुकडा अजून तसाच होता. लीलाधरभाऊंनी तो हाताने चाचपला आणि त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या कोणाला ते हास्यास्पद वाटले असते. दीपमालाताईंनी पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "पुसा. तिथं रडत नका जाऊ."

कुंदनशेठ हिरवळीवर खुर्ची टाकून बसले होते. पांढरे कपडे, भरघोस मिशा, भोवती सुना, नातवंडे आणि लॉन्सचे नोकर. समोर हेमांगीबाई कॅमेरा लावत होत्या. लीलाधरभाऊ पुढे झाले.

"कुंदन, ओळखलं का?"

कुंदनशेठनी पाहिले आणि नजर बाजूला वळवली. "चेहरा दखेल वाटस. कोन म्हना?"

"लीलाधर. वसतिगृहातला. तुझ्या मागचा."

"मना मांगे? मांगे कोनीतरी व्हता खरा." कुंदनशेठ मिशी चाचपत राहिले. "बराच दिन व्हई ग्यात भाऊ. याद नही."

लीलाधरभाऊंना कंपाउंडरांचा कमरेवर पडलेला गुडघा पुन्हा आठवला. तो यापेक्षा बरा होता.

तेवढ्यात मागून एक माणूस जरीची पगडी सावरत पुढे आला. हा कुंदनशेठचा शालक, प्रेमराज. हेमांगीबाईंनी फोनवर "मागे कोण होतं?" असे विचारल्यापासून याने नवा सदरा शिवून घेतला होता. "मांगे मी व्हतू," तो म्हणाला.

"तुमचं वय काय?" दीपमालाताईंनी विचारले.

प्रेमराजने वय सांगितले. दीपमालाताईंनी तिथल्या तिथे हिशेब केला. "मग तेव्हा तुम्ही चौथीत होता."

"मागला पाय ल्हानाच ऱ्हातस, ताई," प्रेमराज म्हणाला. त्याचा हजरजबाबीपणा तारीफ करण्यासारखा होता, हे लीलाधरभाऊंनाही मान्य करावे लागले. नानांनी घाईघाईने प्रतिज्ञापत्र बाहेर काढून चतुःसीमा वाचायला सुरुवात केली, पण "पुढील बाजूस कुंदन देवरे" इथपर्यंत येताच नातवंडांना इतके हसू आले की त्यांना थांबावे लागले.

हेमांगीबाईंनी हात वर केला. तरुण होत्या, पण कामाच्या पक्क्या. "एक मिनिट. आपण सोप्या रीतीने सोडवू. या व्हिडिओबद्दल लोक सगळ्यात जास्त एकच गोष्ट विचारतात. शेवटच्या कडव्यात म्हैस एकदम खाली का बसते? कोणी लिहिलं, ते मध्यमवर्गाच्या थकव्याचं प्रतीक आहे. कोणी म्हणतं, सगळ्या जगाला दिलेला नकार आहे. एका कॉलेजात यावर निबंधही झाला. मी दिग्दर्शकांना विचारलं तर ते म्हणाले, मी बसायला सांगितलंच नव्हतं, ती आपली आपण बसली आणि मी खुशीनं ओरडलो. बसायला मागचे पाय आधी वाकले, हे तर व्हिडिओत दिसतंच. म्हणजे खरं कारण मागच्याला माहीत असणार. सांगा, का बसली?"

"दमनी व्हती," प्रेमराज म्हणाला.

हेमांगीबाईंनी लीलाधरभाऊंकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. आणि त्यात कुंदनशेठही होते. त्यांची मिशीवरची बोटे थांबली होती आणि एवढ्या थंडीत कपाळावर घाम आला होता.

लीलाधरभाऊंना सगळे लख्ख आठवले. त्या दिवशी दुसऱ्या कडव्याला कुंदनच्या पायजम्याची नाडी तुटली होती. म्हैस पोटाखाली उघडी, समोर कॅमेरा, बाजूला गाव गोळा झालेले. मागून वाकलेल्या लीलाधरने दोन्ही मुठींत तो पायजमा धरला, आणि तसाच धरून उरलेले गाणे नाचला. शेवटच्या कडव्याला हात घामाने ओले झाले, पायजमा सुटून गुडघ्यापर्यंत आला, तेव्हा काही न सुचून त्याने म्हैसच खाली बसवली. सगळे झाकले गेले. मध्यमवर्गाचा थकवा वगैरे नंतरचे.

म्हणजे कुंदनला आठवत होते. आठवत होते म्हणूनच तो ओळख देत नव्हता. आणि आता एक वाक्य बोलले की संपले. ओळ लीलाधरभाऊंची, पाटी लीलाधरभाऊंची. दीपमालाताई डोळ्यांनी सांगत होत्या, बोला. नानांनी कोपराने ढोसले. लीलाधरभाऊंनी तोंड उघडले. कुंदनच्या मांडीवर सगळ्यात धाकटी नात बसली होती आणि आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या गुंड्यांशी खेळत होती.

"माझ्या पायात गोळा आला होता," लीलाधरभाऊ म्हणाले. "उभं राहवेना, म्हणून बसलो. चूक माझीच."

हेमांगीबाईंचा चेहरा पडला. "एवढंच?"

"एवढंच."

"अहो!" दीपमालाताईंच्या तोंडून निघून गेले. भाईदासनानांनी कपाळावर हात मारला आणि प्रतिज्ञापत्राची घडी केली. जगाला दिलेल्या नकाराचे कारण पोटरीतला गोळा निघाल्यावर मंडळींत कुजबुज सुरू झाली. प्रेमराज पगडी सावरून खुर्चीकडे सरकला. लीलाधरभाऊंनी पिशवी उचलली. साडेचारची गाडी मिळाली तर जेवायला जळगावला पोहोचता येणार होते.

"थांब रे."

कुंदनशेठ उठले होते. नातीला त्यांनी खाली ठेवले. "खोटं बोली ऱ्हायना हाऊ. गोळा-बिळा काही नही." त्यांनी एकदा सुनांकडे पाहिले, एकदा कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि जे व्हायचे ते होवो अशा आवाजात बोलले. "मना पायजमानी नाडी तुटनी व्हती. यानी दोन्ही हातमा मना पायजमा धरी ठेयेल व्हता, बठ्ठं गानं. शेवटले हात सटकना, तशी यानी म्हैस बठाडी दिन्ही. नही ते बठ्ठा देशले मनी पट्टापट्टानी चड्डी दिसती!"

मग धाकटी नात म्हणाली, "आबा, पट्टापट्टानी?" आणि सगळे लॉन्स फुटले. सुना पदरात तोंड खुपसून हसल्या, नोकर एकमेकांच्या खांद्यावर पडले, प्रेमराजने पगडी काढून तोंडावर धरली. सगळ्यात मोठ्याने कुंदनशेठ स्वतः हसत होते. इतकी वर्षे पोटात धरलेली नाडी सुटल्यावर माणूस असाच हसत असणार.

"मग याद नाही म्हणालास ते?" लीलाधरभाऊंनी विचारले.

"याद व्हती म्हनीसनच नही म्हनू, भाऊ. तू दिसना का मले तो पायजमाच दिसे." कुंदनशेठनी त्यांचा हात धरला. "आनि तू आजबी झाकीच दिधं. कसा मानूस शे रे तू!"

हेमांगीबाई डोळे पुसत वही-पेन शोधू लागल्या. "नाव कसं लिहू? आधी कोणाचं?"

"आधी यानं नाव," कुंदनशेठ म्हणाले.

"लीलाधर आत्माराम नेहेते," दीपमालाताईंनी स्पष्ट सांगितले. "आणि पुढे लिहा, मागचे पाय. नुसतं म्हशीत होते असं नको. मागचेच पाय होते ते. आमच्या साक्रीला पूर्ण कळू दे." एवढे बोलून त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. ते पाहणे लीलाधरभाऊंना लग्नातही मिळाले नव्हते. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

हेमांगीबाईंना म्हैस पुन्हा एकदा नाचताना हवी होती. मग काय, काचेचे कपाट उघडले, जनरेटरवरची घोंगडी काढली, आणि सुनांनी दाभणाने दोन्ही अर्धी एकमेकांना जोडली. डिझेलचा आणि झेंडूचा असा काही मिश्र वास सुटला की कोणत्याही खऱ्या म्हशीने तिथून काढता पाय घेतला असता. नानांनी ही जोडणी कायदेशीर असल्याचे जाहीर केले.

"आज तू पुढं व्हय," कुंदनशेठ म्हणाले.

लीलाधरभाऊंनी आधी आपल्या पँटचा पट्टा एक घर आवळला, पाठीचा पट्टा नीट केला, आणि म्हशीच्या डोक्यात शिरले. इतकी वर्षे त्यांनी या जागेचा हेवा केला होता. उजेड, वारा, कॅमेरा, सगळे इथे. त्यांनी डोळे उघडले. काळोख होता. त्यांनी तोंडाच्या फटीशी बोट नेले. फट नव्हतीच. पोते दोन पदरी शिवून टाकलेले होते.

"कुंदन, यातून काही दिसत नाही रे!"

"तवय बी दिसे नही," मागून कुंदनचा वाकलेला, धापा टाकणारा आवाज आला. "तुना हात कंबरले व्हता ना, त्याना भरोसावर चालनू."

बाहेर कोणीतरी गाणे लावले. लीलाधरभाऊंना समोर काहीच दिसत नव्हते. मग त्यांच्या कंबरेला मागून दोन हात लागले, जाड, घामेजलेले, घट्ट. त्यांनी काळोखात पहिले पाऊल टाकले.